आपल्या बाजूने सात शिखरं: आमच्या भागातल्या ट्रेकिंग क्लबचा अनुभव

आमच्या क्लबच्या सात शिखरं चढायच्या उपक्रमाचा एक नियम मला पहिल्या बैठकीतच पटला, आणि मुख्यतः त्याच्यासाठीच हे लिहायला बसले आहे. नियम असा: शिखर कुठलंही असो, चढाई कोकणातल्या पायथ्यापासून करायची. घाटमाथ्यापर्यंत गाडी न्यायची, तिथून उरलेला तुकडा चढायचा आणि यादीत खूण करायची, हे इथे चालत नाही. मधुमकरंदगड करायचा तर खेड तालुक्यातल्या बिरमणीतून हातलोट घाट चढायचा. नागेश्वर करायचा तर चोरवण्यातून. बामणोलीहून लाँचने कोयनेचं पाणी ओलांडून गेलात तर तो मोजला जात नाही.

सांगताना हा फरक लहान वाटतो, पायांना तो फार मोठा आहे. खेड, चिपळूण, संगमेश्वर ही गावं समुद्रसपाटीपासून जेमतेम वर आहेत आणि सह्याद्री आपल्या अंगाला सरळ उभा आहे. मकरंदगड चार हजार फुटांच्या वर जातो. घाटावरून त्यातला शेवटचा भाग चढावा लागतो, आपल्याकडून जवळजवळ सगळा. पण त्यामुळेच डोंगर कसा रचलेला आहे ते कळतं. आधी वाडी, मग भाताची खाचरं, मग वहाळ, मग काजूची आणि जंगली झाडी, मग कारवीची झुडपं, मग कातळ आणि शेवटी वारा. बाहेरच्या मोठ्या ग्रुपबरोबर गेलेल्या माझ्या भाच्याने हेच गड केले आहेत. त्याला माथे आठवतात, मला वाटा आठवतात.

मी खेड तालुक्यातल्या एका उपकेंद्रात आरोग्य सेविका आहे. लसीची पेटी खांद्याला लावून वाड्यावाड्यांच्या पाखाड्या चढणं हे रोजचंच, त्यामुळे चालण्याची धास्ती नव्हती. कड्याची होती. मुलगी शिकायला रत्नागिरीला गेली, रविवार थोडे मोकळे झाले, आणि ओळखीच्या एका शिक्षिकेने या क्लबचं सांगितलं. क्लब छोटा आहे. चालवणारे सगळे इथलेच: कुणी शाळेत, कुणी बँकेत, एकाचं हार्डवेअरचं दुकान. फी साडेचार हजार, दोन हप्त्यांत. गाडी, वाटाड्याची मजुरी, वनखात्याचं शुल्क आणि वाडीतलं जेवण त्यात येतं. बूट, बॅटरी, पाण्याच्या बाटल्या आपल्या.

यादी अशी: महिमतगड, रसाळगड, सुमारगड, महिपतगड, मधुमकरंदगड, नागेश्वर, प्रचितगड. हंगाम दसऱ्यापासून महाशिवरात्रीपर्यंत.

महिमतगडाने सुरुवात करतात ते योग्य आहे. देवरुखकडून निगुडवाडीला जायचं, तिथून चढायचं. कुंडी घाटावर नजर ठेवणारा हा गड, वाट सोपी, झाडी भरपूर. लीडर मंडळी त्या दिवशी गडापेक्षा आपल्याकडेच जास्त बघत असतात: कोण धापा टाकतंय, कोण पाणी पीत नाही, कुणाचा बूट चावतोय. एका गृहस्थांना त्यांनी तिथेच प्रेमाने सांगितलं की तुम्ही यंदा सुमारगडाला येऊ नका, पुढच्या वर्षी या. त्यांना राग आला. माझ्या मते मात्र क्लबने त्या दिवशी केलेलं सगळ्यात चांगलं काम ते होतं.

रसाळ-सुमार-महिपत हा या उपक्रमाचा गाभा आहे. एकाच डोंगररांगेवर तीन गड, आणि तिघांचा स्वभाव वेगळा. रसाळगड आटोपशीर आणि राखलेला. झोलाई देवीचं देऊळ, ओळीने मांडलेल्या तोफा, पाण्याचं टाकं, खाली जगबुडीचं खोरं. रात्री मुक्काम देवळात. तिथे एक गोष्ट घडली ती सांगते, कारण क्लब कसा आहे ते तिच्यातून कळतं. चुलीसाठी दगड हवे होते. दोन मुलं अंधारात हातानेच दगड उचलायला लागली. लीडरने त्यांना जागच्या जागी थांबवलं, बॅटरी मारली, काठीने प्रत्येक दगड उलटवला आणि मगच उचलू दिला. भाषण दिलं नाही, फक्त करून दाखवलं. मुलांनी कारण विचारलं तेव्हा मी सांगितलं. आपल्याकडचा लाल विंचू चावला की नुसती वेदना होत नाही, हृदयावर ताण येतो, फुप्फुसात पाणी साठतं. महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी रक्तदाबावरच्या प्राझोसिन या गोळीने हे रुग्ण वाचवता येतात हे इथे, आपल्या कोकणातल्या पेशंटांवर काम करून जगाला दाखवलं. त्यांना २०२२ मध्ये पद्मश्री मिळाली. त्याआधी कितीतरी घरांतली मुलं या दंशाने गेली आहेत. कोकणात डोंगर चढायचा म्हणजे हे माहीत हवंच.

साप म्हटला की लोक नाग डोळ्यांसमोर आणतात. आपल्या कातळांवर खरी काळजी फुरशाची. ते लहान असतं, दगडाच्या रंगाचं असतं आणि हलत नाही. क्लबची प्रथमोपचाराची पेटी मी उघडून बघितली (सवयच आहे). ब्लेड नव्हतं, दोरी नव्हती, विष ओढायची पिचकारी नव्हती, आणि या तीन गोष्टी नव्हत्या म्हणूनच मला ती आवडली. रुंद बँडेज होतं, फळी होती, जलसंजीवनीची पाकिटं मुबलक होती. चावा घेतलेला अवयव हलू द्यायचा नाही, कापायचं नाही, आवळून बांधायचं नाही, माणसाला चालवायचं नाही, आणि लवकरात लवकर प्रतिविष मिळेल तिथे पोचवायचं. नाग, मण्यार, घोणस, फुरसं या चारांवर एकच प्रतिविष चालतं, त्यामुळे साप मारून पिशवीत घालून आणायची गरज नाही. प्रत्येक चढाईच्या कागदावर जवळचं प्राथमिक आरोग्य केंद्र, पुढे कळंबणी किंवा कामथ्याचं उपजिल्हा रुग्णालय, १०८ चा फोन वाटेत कुठे लागतो आणि कुठे लागत नाही, हे सगळं लिहिलेलं होतं. शेवटचा मुद्दा मी दुसऱ्या कुठल्या ग्रुपच्या कागदावर पाहिलेला नाही.

दुसऱ्या दिवशी सुमारगड. तिथे फारसं कुणी जात नाही. धनगरवाड्यापर्यंत वाट ठळक आहे, पुढे ढोरवाटा फुटतात आणि कारवीत सगळं सारखंच दिसतं. म्हणून वाडीतले एक मामा बरोबर होते. त्यांची मजुरी क्लबने निघण्याआधी, सगळ्यांसमोर, त्यांच्या हातात ठेवली. मामा कमी बोलायचे. एका अरुंद आडव्या वाटेवर माझा पाय घसाऱ्यावर सरकला तेव्हा मागून एवढंच म्हणाले, “कारवी धर गो बाय, गवत धरू नको.” तेव्हापासून माझा हात आपोआप कारवीच्या बुंध्याकडे जातो. वाळलेलं गवत मुळासकट हातात येतं, कारवी माणसाचं वजन घेते.

शेवटच्या कातळाला लोखंडी शिडी आहे. वर गेलं की खोदलेली टाकी, एका गुहेत शिवलिंग, आणि एका बाजूला रसाळ, दुसऱ्या बाजूला महिपत. मी तिथे बराच वेळ बसले. माझ्या उपकेंद्राच्या दारातून ही रांग दिसते. इतकी वर्षं मी तिच्याकडे पाऊस कुठवर आलाय हे बघायला नजर टाकत होते. त्या रांगेच्या मधल्या गडावर बसून खाली आपली वाडी शोधायची, त्यातलं आपलं घर शोधायचं, आणि ते न सापडता गावाचा ओढा सापडायचा, याचं समाधान फार मोठं आहे.

पण याच शिडीपाशी क्लबचं नियोजन कमी पडलं, तेही लिहायला हवं. आमची तुकडी तिशीच्या वर होती. शिडीवर एका वेळी एकच माणूस. म्हणजे बाकीचे सगळे सोंडेवर, भर उन्हात, उभे. ऑक्टोबरचं कोकणातलं ऊन घाटावरच्या उन्हापेक्षा वाईट असतं, कारण हवेत दमटपणा असतो. घाम येतो पण वाळत नाही, आणि घाम वाळला नाही तर अंग थंड होत नाही. माणूस नुसतं पाणी पीत राहतो, मीठ जात राहतं. एका तरुण मुलाच्या पोटऱ्यांत गोळे आले, मग मळमळ, मग उलटी. त्याला कारवीच्या सावलीत घेतलं, बूट मोजे काढले, मानेवर ओला पंचा ठेवला, जलसंजीवनी घोटघोट दिली. तासाभरात तो बसता झाला. लीडरने वेळ न दवडता त्याच्याबरोबर दोन माणसं दिली आणि धनगरवाड्याकडे परत पाठवलं. ते सगळं चोख झालं, पण एवढी माणसं एकत्र आणली नसती तर ती वेळच आली नसती. मी त्याच संध्याकाळी हे स्पष्ट बोलले. पुढच्या चढाईपासून पंधरा-पंधराच्या दोन तुकड्या झाल्या, वेगवेगळ्या दिवशी. ऐकून घेणारा क्लब आहे हे तेव्हा कळलं. मात्र सुमारगडासाठी हा आकडा दहावर आणावा, असं माझं अजूनही म्हणणं आहे.

महिपतगड अफाट पसरलेला आहे. माथ्यावर इतकं रान की गडावर आहोत हे विसरायला होतं. पारेश्वराचं देऊळ, जुन्या चुन्याचे ढीग, नावाने माहीत असलेले पण झाडीत शोधावे लागणारे दरवाजे. उतरून बेलदारवाडीत जेवण होतं. तांदळाची भाकरी, कुळथाची पिठी, भात, सुक्या जवळ्याची चटणी आणि कोकमाचं सरबत. सरबतात मीठ आणि साखर दोन्ही असतं, म्हणजे डोंगर उतरून आलेल्या माणसाला जे हवं तेच. हे जेवण क्लब पाकिटातून नेत नाही, वाडीतल्या बायकांकडून करून घेतो आणि ताटामागे पैसे देतो. आमच्या ताटांचे पैसे थेट दोन घरांतल्या काकींच्या हातात गेलेले मी पाहिले. मोठ्या ग्रुपच्या गाड्या येतात, शहरातून आणलेली पुलाव-पाकिटं खातात आणि पाकिटं इथेच टाकून जातात, तेही मी माझ्या भागात पाहते.

आता बायकांच्या सोयीबद्दल. यात क्लब मागे आहे. पहिल्या चढायांना एकही बाई लीडर नव्हती. मुक्कामाच्या जागी शौचालय कुठे, आंघोळ कुठे, याचा कागदावर उल्लेख नव्हता. आमच्यातल्या एका कॉलेजच्या मुलीची पाळी वाटेतच आली. तिने कुणाला सांगितलं नाही, दिवसभर पाणी कमी प्यायली, आणि संध्याकाळी डोकं धरून बसली. तिने पाणी का टाळलं हे कुठल्याही बाईला विचारा, लगेच सांगेल. मागच्या वर्षी उपक्रम पूर्ण केलेली एक मुलगी नंतर सहलीडर म्हणून येऊ लागली, त्याने फरक पडला. पण मुक्कामासाठी वाडीतलं मोरी-संडास असलेलं एक घर ठरवून ठेवणं हे क्लबला सहज जमण्यासारखं आहे. ते जमवाच.

मकरंदगडाच्या वाटेवरच्या बिरमणीचं नाव निघालं की आमच्या तालुक्यातल्या माणसाला २०२१ चा जुलै आठवतो. त्या पावसात चिपळूण बुडालं, महाडकडे तळिये गाडलं गेलं, आमच्या तालुक्यात पोसऱ्यात घरांवर दरड आली. आम्ही सगळ्या सेविका त्या दिवसांत ड्युटीवर होतो, आणि त्याबद्दल मला इथे जास्त लिहायचं नाही. एवढंच सांगते की हा क्लब जून ते सप्टेंबर उभ्या उतारांवर एकही चढाई काढत नाही. पावसाळी ट्रेकला मागणी सगळ्यात जास्त असते, पैसा तिथेच असतो. तरी ते नाही म्हणतात. हातलोट घाटाने जाताना लीडरने उतारावरचे ताजे ओरखडे दाखवले: माती कुठे सुटली, झाडं कुठे तिरकी झालीत, पाण्याने वाट कुठे बदलली. वर मकरंदगडावर महादेवाचं देऊळ आणि समोर महाबळेश्वरचं पठार. तिथून इंग्रजांना हा डोंगर घोड्याच्या खोगिरासारखा दिसला आणि त्यांनी त्याला तसं नाव दिलं. आम्ही खोगिराच्या खालून, घोड्याच्या पायापासून वर आलो होतो.

याच चढाईच्या रविवारी माझी पल्स पोलिओची बूथ ड्युटी आली होती. ती चुकवता येत नाही आणि मला चुकवायचीही नव्हती. क्लबने माझ्यासारख्या अडलेल्या चौघांसाठी नंतर वेगळा दिवस काढला, जादा पैसे न घेता. एसटीत काम करणारे, दुकानदार, आमच्यासारखे सरकारी खात्यातले, यांना हंगामाची अट जड जाते. अशा लोकांसाठी एक राखीव रविवार आधीच जाहीर करून टाकला तर बरं होईल.

नागेश्वरच्या वाटेबद्दल फार लिहीत नाही, ती आमच्या लोकांची यात्रेचीच वाट आहे. महाशिवरात्रीला चोरवण्यातून माणसांची रांग लागते. गुहेत वरून पाणी ठिबकतं. कोयना आणि चांदोली मिळून २०१० मध्ये सह्याद्री व्याघ्र प्रकल्प झाला, त्यामुळे पुढे वासोटा किल्ल्याकडे जायला परवानगी लागते. आमच्या तारखेला ती नव्हती. काही जणांनी “कोण बघतंय” असा सूर लावला. लीडर म्हणाला, परवानगी नाही म्हणजे नाही, आणि तिथूनच मागे फिरवलं. मला वासोटा बघायचा होता. पेशव्यांचे सरदार बापू गोखले यांच्या फौजेला दाद न देता ताई तेलिणीने लढवलेला तो गड, समोर दिसत असून सोडला. तरी निर्णय बरोबरच होता.

शेवटी प्रचितगड. पायथ्याला शृंगारपूर, येसूबाईंचं माहेर. चढण लांब, शेवटी शिडी, आणि ती सुमारच्या शिडीपेक्षा जास्त घाबरवते कारण बाजूला दरी उघडी आहे. मला खाली बघू नका असं कुणी सांगितलं नाही. वरच्या लीडरने माझ्याशी साध्या आवाजात माझ्या उपकेंद्राबद्दल गप्पा चालू ठेवल्या, प्रत्येक पायरीला एक प्रश्न. वर पोचले तेव्हा गावातल्या लसीकरणाच्या अडचणींची निम्मी यादी त्याला सांगून झाली होती. माथ्यावर भवानीचं देऊळ, तोफा, टाकी, आणि पूर्वेला चांदोलीचं न संपणारं रान.

पूर्ण केल्याची नोंद कशी ठेवतात हे मला विशेष आवडलं. मोबाइलचा नकाशा किंवा माथ्यावरचा सेल्फी नाही. प्रत्येकाकडे एक जाड कार्ड असतं, सात चौकोनांचं, आणि चौकोनात सही त्या त्या वाडीच्या वाटाड्याची. सुमारगडाच्या चौकोनात मामांचा अंगठा आहे. खाली शृंगारपुरात देवळाच्या ओट्यावर पितळी बिल्ला मिळाला. प्रमाणपत्र मात्र दोन महिन्यांनी आलं, आणि विम्याबद्दल विचारलं तेव्हा नीट उत्तर मिळालं नाही. साडेचार हजारांत विमा बसत नसेल तर तसं लिहून द्या आणि ज्याला हवा त्याच्याकडून वेगळे पैसे घ्या, पण माणसांना अंधारात ठेवू नका.

नावनोंदणी गणपती झाल्यावर सुरू होते आणि लवकर भरते. फॉर्ममध्ये आजारांचा रकाना आहे, आणि बरेच जण तो कोरा सोडतात, हे लीडरनेच मला सांगितलं. तो भरा. रक्तदाबाच्या काही गोळ्या लघवीवाटे पाणी आणि मीठ काढतात. त्या घेऊन दमट उन्हात चढणाऱ्याला चक्कर येऊ शकते, तेव्हा डॉक्टरांना आधी विचारा. मधुमेह असेल तर गूळ किंवा ग्लुकोज बॅगेत न ठेवता खिशात ठेवा आणि ते कुठल्या खिशात आहे ते शेजारच्याला सांगा. तयारीसाठी चिपळूणकरांना गोवळकोटचा गोविंदगड पुरेसा आहे: पहाटे, पाठीवर दोन लिटर पाणी घेऊन, न थांबता वर आणि खाली, आठवड्यातून तीनदा.